वाकड्या चोचीचा केआ

कुइनी मावशीच्या मातीला गेलेले मिरियामा आणि कॉलिन चौथ्या दिवशी घरी परतले, तेव्हा म्हातारा फर्गस फाटकातच उभा होता. अंगात मेणकापडाचा कोट, हातात काठी, तोंड दक्षिणेकडे. गाडीतून उतरणाऱ्या सुनेकडे त्यानं पाहिलंही नाही. नदीच्या खालच्या अंगाला आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं आणि दिवसभर घोंघावणारा वारा एकाएकी पडला होता.

"कॉलिन," म्हातारा म्हणाला, "तुझ्या बायकोला विचार, एका म्हातारीला रडायला इतके दिवस लागतात का?"

मिरियामा दोन पावलांवर होती. तिला ऐकू जावं म्हणूनच तो मोठ्यानं बोलला होता.

"बाबा, आधी आत तर येऊ द्या."

"आत येऊन काय करतोस? डोंगरातल्या मागच्या कढईत एकशे ऐंशी मेंढ्या तशाच आहेत. रविवारी खाली आणायच्या होत्या. आज बुधवार."

"उद्या उजाडता निघतो."

"उद्या!" म्हातारा हसला आणि काठी टेकत, एक पाय ओढत गोठ्याकडे निघून गेला.

मिरियामानं गाडीतून बालदी काढली. चरबीत मुरवलेले टीटी पक्षी होते त्यात. दरसाल शरदात तिची माणसं दक्षिणेच्या बेटांवर जाऊन बिळांतून हे पक्षी काढायची. कुइनी मावशीनं यंदा आजारी असूनही दोन आठवडे काढले, आणि परत आल्यावर महिन्याभरात गेली. तिच्या माणसांत मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. तीन दिवस सगळे भोवती बसतात, गातात, भांडतात, रडतात, मग पुरतात. हे तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्याला एकदा सांगितलं होतं. आता नऊ वर्षं झाली. पुन्हा सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं बालदी ओट्याखाली ठेवली.

"ती वासाची बालदी बाहेर ठेवायला सांग," गोठ्यातून आवाज आला.

त्या रात्री बर्फ पडला. सकाळी कुंपणाची खालची तार दिसत नव्हती. दुपारी मधलीही दिसेनाशी झाली. फोन बंद पडला. त्याआधी कॉलिननं हेलिकॉप्टरवाल्याला गाठलं होतं, पण तो चार ठिकाणी अडकलेला आणि ढग छपराला टेकलेले. "आपले आपणच," कॉलिन म्हणाला.

मागची कढई म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मधे खोलगट कुरण. तिच्या तोंडाशी पत्र्याचं एक खोपटं होतं. एरवी चार तासांची वाट. शुक्रवारी उजाडता निघूनही ते अंधार पडायच्या बेतात पोचले. पुढं कॉलिन छातीनं बर्फ फोडत, मागं मिरियामा तुडवत, तिच्यामागं दोन कुत्री, आणि सगळ्यांत मागं तट्टावर फर्गस. त्याला घरी राहा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. खोगिराला त्याची बंदूक अडकवलेली होती.

"बंदूक कशाला, बाबा?"

"केआंना."

"बंदी आहे."

"बंदी शहरातल्यांना. त्यांनी मेंढीची पाठ बघितलीय का कधी?"

केआ हा तिथला डोंगरातला पोपट. अंगानं कोंबडीएवढा, शेवाळी हिरवा, पंख उघडले की आत निखाऱ्यासारखा लाल. आपलंच नाव ओरडत फिरतो. उन्हाळ्यात फळं, मुळं, किडे खातो. पण काही केआ बर्फात अडकलेल्या मेंढीच्या पाठीवर बसून थेट गुर्द्यापर्यंत कोरतात. फर्गस चौदा वर्षांचा असल्यापासून त्यांना मारत आला होता. दोन वर्षांपूर्वी सरकारनं ते थांबवलं, आणि त्यानं तेवढ्यापुरतं सरकार ओळखायचं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी कढईत नजर टाकली. पांढरं. झुडूप नाही, वाट नाही, मेंढी नाही. एकशे ऐंशी जनावरं कुणीतरी खोडरबरानं पुसावीत तशी.

"दक्षिणेचा वारा सुटला की मेंढी उन्हाच्या अंगाला सरकते," फर्गस म्हणाला. "पलीकडच्या सोंडेवर असणार. पन्नास वर्षं बघतोय."

कॉलिन कुत्री घेऊन सोंडेकडे गेला. मिरियामा त्याच्या मागं जाऊन कमरेइतक्या बर्फात दुपारपर्यंत वाट तुडवत राहिली. मेंढ्यांना बर्फातून आपसूक चालता येत नाही. माणसानं वाट दाबून दिली तर त्या एकामागून एक येतात. वाट तयार झाली. वाटेवरून आणायला काही नव्हतं. कॉलिन तीन वाजता परतला तो भुवया गोठलेल्या घेऊन.

"काहीच नाही?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. कुत्र्यांच्या पंजांत बर्फाचे गोळे अडकले होते. खोपट्याच्या दारात बसून तो एकेक गोळा नखानं काढत राहिला. आतून म्हातारा म्हणाला, "रविवारी आणल्या असत्या तर आज घराशी वाडग्यात गवत खात उभ्या असत्या."

मिरियामानं किटली ठेवली. बर्फाखाली मेंढी आठ-दहा दिवस तग धरते, पण ती कुठं आहे ते कळलं तर. तिला वाटलं, हा म्हातारा रविवार हा शब्द मरेपर्यंत सोडणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी छपरावर धडधड झाली. दगड घरंगळावेत तशी. मिरियामा बाहेर आली. पत्र्याच्या उतरंडीवर अकरा केआ होते. एक वर चढायचा, पाठीवर पडायचा, पाय वर करून घसरत खाली यायचा आणि वळचणीच्या बर्फात धप्पकन पडायचा. मग दुसरा. मग पहिला पुन्हा. एकानं पत्र्याचा खिळा चोचीनं अर्धा उपसला होता. दोघं कॉलिनचा वाळत घातलेला मोजा दोन्हीकडून ओढत होते.

"पोरं आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. कोवळ्यांच्या डोळ्यांभोवती पिवळी कडी असते. सात पिवळे, चार काळे. त्या चारांतल्या एकाची वरची चोच डावीकडं वळलेली होती, मोडलेल्या कोयत्यासारखी. तो खेळत नव्हता. तट्टाच्या पडवीवर बसून तो लांब कुठंतरी बघत होता.

लहानपणी बेटावर रोज संध्याकाळी कुइनी मावशी मुलांना ओळीत बसवायची आणि विचारायची, आज कुठला पक्षी बघितला? मुलं सांगायची. मग मावशी विचारायची, तो काय बघत होता? मुलांना ते ठाऊक नसायचं. मावशी म्हणायची, उद्या जा आणि बघून या. मिरियामाला तेव्हा तो छळ वाटायचा.

तिनं आत जाऊन दुर्बीण घेतली आणि पोत्यावर बूड टेकून बसली.

कॉलिन कंबर कसून बाहेर पडला. "येतेस ना?"

"तू जा सोंडेवर. मी थोडं बसते."

"बसते?" आतून फर्गस. "एकशे ऐंशी मेंढ्या खाली गाडल्यात आणि ही पोपट बघत बसते! कॉलिन, तिला सांग, चित्रंबित्रं काढायची असतील तर कागद नाही आणलेला."

कॉलिननं तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळ्याची दुर्बीण काढली नाही. तो निघून गेला.

पाय बधिर झाले की ती उठून आपटायची आणि पुन्हा बसायची. पत्र्यावरचा दंगा तासभर चालला. दहाच्या सुमाराला वाकड्या चोचीचा एकदाच ओरडला आणि उडाला. त्याच्यामागं बाकीचे. ते सोंडेकडं गेले नाहीत. डावीकडच्या काळ्या कड्याला वळसा घालून, कड्याच्या पायथ्याच्या कोऱ्या उतारावर उतरले. तिथं काही नव्हतं. दगड नाही, झाड नाही. मोठ्या उशीसारखा फुगलेला बर्फ.

"गेले?" म्हाताऱ्यानं दारातून विचारलं.

"कड्याखाली बसलेत."

"खेळत असतील."

"मोठे चौघं खेळत नाहीत. डोकं खुपसतायत."

"मुळं उकरत असतील."

"तिथं मुळं आहेत?"

म्हातारा थांबला. "तिथं नुसता घसरणीचा मुरूम आहे," तो म्हणाला, आणि हे उत्तर आपण तिला सरळ दिलं हे त्याच्या लक्षात आल्यासारखा आत वळला.

वाकड्या चोचीचा खांद्यापर्यंत बर्फात शिरला. बराच वेळ शेपूटच दिसत राहिली. मग मागं सरकत निघाला. चोचीत करड्या रंगाचं काहीतरी होतं. तिला आधी शेवाळ वाटलं. त्यानं डोकं झटकलं तेव्हा ते वाऱ्यावर उलगडलं, लांब झालं, तरंगत गेलं. शेवाळ तरंगत नाही.

"लोकर," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय?"

"त्याच्या चोचीत लोकर आहे."

"लोकर कुठंही सापडते. कुंपणाला गुंतलेली असते."

"तिथं कुंपण आहे?"

तिनं फावडं आणि कॉलिनची आठ फुटी काठी उचलली. कड्यापर्यंत पाऊण मैल. तिला दोन तास लागले. घामानं आतले कपडे भिजले आणि थांबली की तेच कपडे पाठीला बर्फासारखे लागायचे. केआंनी तिला लांबून येताना पाहिलं. पळाले नाहीत. उलट दोन पोरं उड्या मारत सामोरी आली आणि एकानं तिच्या बुटाची नाडी सोडली.

जिथं वाकड्या चोचीचा शिरला होता तिथं मुठीएवढं भोक होतं. कडा पिवळसर, वितळून गुळगुळीत झालेल्या. ती पालथी पडली आणि भोकाला तोंड लावलं. उबदार हवा आली. ओल्या लोकरीचा, लघवीचा, जनावराचा वास. तिनं काठी हळूच आत सारली. काठी मऊ कशाला तरी टेकली आणि खालून कुणीतरी ठसकलं.

मिरियामा गुडघ्यांवर बसली आणि तशीच ओरडली. शब्द नव्हते. कड्यावरून आवाज परतला. सोंडेवर कुत्री भुंकायला लागली.

कॉलिन येईपर्यंत तिनं तीन काढल्या होत्या. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, वरती बर्फाचं छप्पर, खाली त्यांच्याच उबेनं वितळलेली खोली. भुकेनं त्यांनी एकमेकींची लोकर खाल्ली होती. काहींच्या बाजू उघड्या गुलाबी पडल्या होत्या. वर ओढली की मेंढी आधी डोळे मिटायची, मग पाय दुमडून बसायची, मग उठायची.

"तू कसं ओळखलंस?" कॉलिन धापा टाकत म्हणाला.

"मी नाही ओळखलं." तिनं फावडं केआंकडं रोखलं. "खण."

संध्याकाळपर्यंत चौसष्ट निघाल्या. त्यांतल्या सहांच्या पाठीवर, कमरेच्या वर, रुपयाएवढी भोकं होती. त्या सहांतल्या दोघी मेल्या होत्या. कॉलिननं वाट तुडवून जिवंत जनावरं खोपट्याच्या आडोशाला आणली. फर्गस कंदील धरून उभा होता. त्यानं एकेक मेंढी हात लावून पाहिली. जखमी मेंढीशी आल्यावर कंदील खाली ठेवला, जखमेभोवतीची लोकर बोटांनी बाजूला केली, आणि कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तट्टावर बसून त्यांच्यामागं कड्याशी आला. तुडवलेली वाट होती, तट्टू चाललं. बंदूक सोबत होती. खणायला वाकता येत नव्हतं म्हणून तो कड्यालगतच्या दगडाला टेकून उभा राहिला.

वाकड्या चोचीचा वर, शंभर पावलांवर होता. पुन्हा बर्फात डोकं. म्हाताऱ्यानं बंदूक खांद्याला लावली.

मिरियामानं फावडं टाकलं आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांत या माणसाला काय हाक मारायची हे तिचं ठरलं नव्हतं. नाव घेऊन बोलायला जीभ रेटत नव्हती आणि बाबा म्हणावं अशी वेळ त्यानं येऊ दिली नव्हती.

"सरक," तो म्हणाला.

"चौसष्ट निघाल्या. एकशे सोळा राहिल्या. त्या कुठं आहेत, सांगा मला."

"याच उतारावर असणार."

"उतार केवढा आहे! काठीनं चाचपत बसलो तर पंधरा दिवस लागतील. त्याला एका तासात कळतं."

"त्याला कळतं कारण त्याला खायचंय!"

"हो. खायचंच आहे. म्हणूनच तो चुकत नाही."

म्हाताऱ्याच्या नाकातून वाफ निघत होती. डोळे पाण्यानं भरले होते, थंडीनं असेल. "माझ्या जिवंत मेंढ्या कोरतोय तो. आणि मी बघत बसू?"

"त्यानं भोक पाडलं की दहा मिनिटांत आपण तिथं पोचतो. पोचलो की तो उठतो. काल एकदाही अडून बसला नाही. काम होईपर्यंत तरी थांबा. मग तुमचं तुम्ही बघा."

कॉलिन खड्ड्यातून छातीपर्यंत वर आला होता आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. बंदूक हळूहळू खाली आली.

"काम होईपर्यंत," फर्गस म्हणाला.

"हो."

मग त्यानं हात पुढं केला. ती समजली नाही. "दुर्बीण," तो म्हणाला. "तुम्ही खणा. मी सांगतो कुठं बसतोय ते."

तीन दिवस असे गेले. म्हातारा दगडाला टेकून दुर्बिणीतून बघायचा आणि ओरडायचा, "वरती, डावीकडं, खडकाच्या रेषेत!" ती दोघं फावडी घेऊन धावायची, धावणं म्हणजे बर्फात पोहणंच. कधी एक मेंढी निघायची, कधी वीस. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मिरियामानं हातमोज्यांच्या आत कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या. कॉलिनचे ओठ चिरले होते, तो हसला की रक्त यायचं, म्हणून ती त्याला मुद्दाम हसवायची.

दुसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "ती पोरं फसवतात."

"कोण पोरं?"

"पिवळ्या डोळ्यांची. उगाच बर्फ उकरतात. मोठ्यांची नक्कल. खाली काही नसतं. मगाशी तुम्हाला फुकट पळवलं मी." त्यानं दुर्बीण पुसली. "एक मादी आहे, बारक्या चोचीची. तीही खरी. पण ती आधी कान लावते. म्हणजे डोकं वाकडं करून थांबते. ऐकत असेल का गं, बर्फाखालचं?"

"असेल."

"इतकी वर्षं मारले, पण हे नव्हतं बघितलं," तो म्हणाला, आणि लगेच, "वरती! वरती बसला!" म्हणून ओरडला.

त्या संध्याकाळी खोपट्यातलं मटण संपलं. बटाटे गोठून काळे पडले होते. मिरियामानं बालदीतले टीटी भरून आणलेला डबा पिशवीतून काढला, दोन टीटी उकळत ठेवले. खोपटंभर वास पसरला, मासळी आणि बकऱ्याची चरबी एकत्र कढवावी तसा. कॉलिननं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं ताटली पुढं केली. पहिला घास घोळवत राहिला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"टीटी शिजवायला?"

"नाही. ते. पक्षी काय बघतोय ते बघायचं."

"मावशीनं. जिच्या मातीला गेलो होतो."

चुलीत लाकूड फुटलं. म्हातारा खाली बघून खात राहिला. ताटलीतली चरबी त्यानं पावाच्या तुकड्यानं पुसून घेतली. मग किटली उचलली आणि आधी तिचा पेला भरला. तो कधी कुणाला चहा ओतून द्यायचा नाही, म्हणून पेला तोंडापर्यंत भरून बाहेर सांडला. तिनं तो तसाच उचलला.

सातव्या दिवशी केआ कुठंच गेले नाहीत. सकाळभर पत्र्यावर घसरत राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. वाकड्या चोचीचा पडवीवर बसून मेंढ्यांकडं बघत होता. आडोशाला एकशे एकावन्न मेंढ्या उभ्या होत्या. अठरा मेलेल्या निघाल्या. अकरा सापडल्या नव्हत्या.

"अजून एक दिवस बघू," कॉलिन म्हणाला. "अकरा आहेत खाली."

"असतील," मिरियामा म्हणाली. "पण जिवंत नाहीत. बघ ना, हे जातच नाहीत तिकडं."

कॉलिननं बापाकडं पाहिलं.

"ती म्हणते ते बरोबर आहे," फर्गस म्हणाला. "कळप खाली न्या. वारा फिरतोय."

तो मागं थांबणार होता. चूल विझवायची होती, दार ठोकायचं होतं, तट्टू त्याच्या चालीनं उतरणार होतं. मिरियामानं कुत्र्यांना हाक मारली. निघताना तिनं पाहिलं, तो बाहेरच्या लाकडावर बसला होता, बंदूक मांडीवर, आणि पंधरा-वीस पावलांवर तो केआ. काम झालं होतं. त्यांच्यात ठरलं होतं तेवढं संपलं होतं.

मेंढ्या एकामागून एक वाटेनं उतरू लागल्या, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधे करडी ओळ. जखमी चौघींना मधे घेतलं होतं. त्यांच्या जखमांवर म्हाताऱ्यानं सकाळी डांबर लावलं होतं. मिरियामा शेवटी चालत होती. प्रत्येक वळणावर तिचे कान मागं होते.

नदी दिसायला लागली तेव्हा बार झाला. एकच. डोंगरांनी तो तीन वेळा म्हणून दाखवला. कॉलिन पुढं थबकला, वळला. तिनं हातानंच चल म्हणून खूण केली. त्यापुढं ती खाली बघून चालली. समोरच्या मेंढीच्या पाठीवर बर्फाचे मणी गोठले होते, तेच बघत राहिली.

म्हातारा दिवस मावळायला आला. तोवर मेंढ्या वाडग्यात गवताला भिडल्या होत्या. त्यानं तट्टू बांधलं, मेंढ्यांमधून हात फिरवत एक फेरी मारली, दारात बूट काढायला बसला. बूट निघेना. कॉलिननं ओढून काढला.

"लागली?" कॉलिननं विचारलं.

"नाही."

कॉलिननं मान वर केली. फर्गसचा नेम त्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होता.

"खडकावर मारली. म्हटलं, भिऊन खोरं सोडेल. पुन्हा मेंढीच्या वाटेला येणार नाही." त्यानं दुसरा बूट पुढं केला. "सगळे उडाले. हा नाही उडाला."

मिरियामा भाकरीचा पाट हातात धरून दाराशी आली होती.

"मी बंदूक उघडली. काडतुसाची पुंगळी बाहेर पडली, गरम. बर्फात चर्र झालं. त्यानं ते ऐकलं. डोकं इकडं केलं, तिकडं केलं. मग चालत आला, सरळ नाही, तिरका तिरका, चोरासारखा. माझ्या पायाशी. हे एवढ्यावर." म्हाताऱ्यानं वीतभर अंतर दाखवलं. "पायानं लोटून बघितली. घरंगळली तर तिच्यामागं गेला. पुन्हा लोटली. त्या वाकड्या चोचीत ती धरता येईना त्याला. चार वेळा पडली. मग काय केलं माहितीय? आडवी सोडून उभी केली. बर्फात रोवली उभी, आणि तोंडातून जीभ काढून आत घालून बघितली. आणि मग उचलली. गेला घेऊन कड्यावर."

बूट निघाला. म्हातारा नुसत्या मोज्यांनी बसून राहिला. कॉलिनला काही विचारायचं होतं, पण म्हातारा त्याच्याकडं बघत नव्हता.

"काय करील गं तो तिचं?" त्यानं मिरियामाला विचारलं.

"मला नाही माहीत."

"खायची तर नाही."

"नाही."

"घरट्याला?"

"ऐन हिवाळ्यात, जूनमध्ये? कुणास ठाऊक. अंडी घालतातही लवकर."

"खाली वाडग्यावर आला ना तो, तर मी सोडणार नाही हां," म्हातारा म्हणाला. "ते वेगळं."

"नका सोडू."

"हां."

बाहेर एक मेंढी ओरडली, दुसरीनं उत्तर दिलं. मिरियामानं पाट टेबलावर ठेवला आणि हाताचं पीठ झटकलं. चिंध्यांतून बोटं अजून नीट वळत नव्हती.

"त्या कड्याच्या माथ्यावर एक कपार आहे," फर्गस म्हणाला. "खालून दिसत नाही. समोरच्या सोंडेवरून दिसेल. दुर्बीण असली तर."

"सोंडेपर्यंत वाट तुडवलेली आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीची."

"ती फुकट गेली म्हणत होतो आपण."

"तुम्ही म्हणत होता."

म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. ते हसू होतं हे तिला दोन क्षणांनी कळलं. त्यानं मोजे चुलीशी वाळत टाकले, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि खिडकीबाहेर, काळोखात विरत चाललेल्या डोंगराकडं पाहिलं.

"तो सकाळी दहाला निघतो," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याला किती वाजता निघावं लागेल?"